रौप्य कर्ण्याचे वारस
(गोमंतकीय ट्रम्पेटवादकांच्या वाटचालीचा अल्पवृत्तांत)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी 'ज्युबिली' या शब्दाचे मूळ प्रथम ध्यानी घेणे उचित होईल. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. त्याच शब्दाशी या नावाचा संबंध विद्वान लोक जोडतात. लेवीय नामक पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आज्ञा आहे ती अशी की, पन्नासाव्या वर्षी, सातव्या मासाच्या दहाव्या दिवशी, देशभर रणशिंग फुंकावे, दासांस मुक्त करावे आणि ज्याचे वतन त्यास परत द्यावे. गणना नामक पुस्तकाच्या १० व्या अध्यायात तर परमेश्वराने मोशेला रुप्याचे दोन कर्णे घडविण्यास सांगितले आहे. तात्पर्य, ज्युबिली ही मुळात कर्णा फुंकणाऱ्याच्या श्वासावर उभी आहे. असे असता, ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मगुरूंची, उपकारकर्त्यांची व बांधकामाची हकीकत यावी आणि कर्णा फुंकणाऱ्याचे नावही निघू नये, हे बरे नव्हे. ही उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी त्या वाद्याविषयी दोन शब्द. पूर्वीचा ट्रम्पेट म्हणजे केवळ वळविलेली पितळी नळी होती; तीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर निघत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सन १८१८ च्या सुमारास, जर्मन कारागिरांनी तीस दाबाच्या कळा बसविल्या आणि वाद्याचे भाग्य पालटले. आजच्या ट्रम्पेटास अशा तीन कळा असतात. त्यांच्या निरनिराळ्या मेळांनी नळीच्या सात लांब्या साधतात, आणि बाकीचे सर्व काम वादकाच्या ओठांनी व श्वासाने करावयाचे असते. सारंगीची तार तुटली तर नवी लावता येते. परंतु ट्रम्पेटवादकाची तार म्हणजे त्याचा स्वतःचा ओठ होय. थोडे दिवस अभ्यास सुटला की ओठ सैल पडतो, आणि पुढचे दात गेले की बहुधा धंदाच संपतो. यास्तव या वादकांचे व्यावसायिक आयुष्य इतर वादकांहून अधिक बेभरवशाचे असते, हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात असावे.

गोमंतकात ही विद्या रुजली ती ख्रिस्तमंदिराच्या छायेत. तेथील धर्मग्रामाच्या शाळांतून 'मेस्त' नावाने ओळखला जाणारा शिक्षक मुलांस प्रार्थना व अक्षरे यांबरोबर दो-रे-मी शिकवी. वाद्य हाती मिळण्यापूर्वी मुलाने स्वरलिपी वाचून ती कंठाने म्हणून दाखवावी, असा शिरस्ता असे. पुढे कोणास व्हायोलिन, कोणास क्लॅरिनेट, कोणास ट्रम्पेट मिळे. सणाच्या पहाटे गावातून वाजत फिरणारा 'आल्वोराद', नोव्हेना, मिरवणूक, लग्न आणि अंत्ययात्रा, हीच त्या मुलांची पहिली रंगभूमी. मेस्ताला वेतन जुजबी असे. परंतु त्याच्या हाताखालून गेलेला मुलगा समोर ठेवलेला कोणताही कागद पाहताक्षणी वाजवू शके. हेच पुढे त्याचे भांडवल ठरले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सन १९०३ मध्ये, संत सेसिलियेच्या सणादिवशी, म्हणजे २२ नोव्हेंबर रोजी, दहावे पायस महाराज यांनी धर्मसंगीतासंबंधी आज्ञापत्र काढले. त्यात ख्रिस्तमंदिरात बँड वाजविण्यास सक्त मनाई करण्यात आली. महागुरूंच्या खास संमतीनेच, आणि तीही मर्यादित संख्येने, फुंकीची वाद्ये आत यावीत. मंदिराबाहेरील मिरवणुकीत मात्र बँडला महागुरू परवानगी देऊ शकतील, असे ठरले. उद्देश पवित्र होता, कारण त्या काळी पुष्कळ ठिकाणी उपासनेत नाटकशाळेचे सूर शिरले होते. तथापि परिणाम असा की, ज्या विद्येचे बीज मंदिराच्या अंगणात पेरले, तिची जागा आता मंदिराच्या दाराबाहेर ठरली. मेस्ताने शिकवावे, आणि शिकलेल्याने पोटासाठी दुसरे दार शोधावे, असा हा पेच होता.

आणि दारे पुष्कळ होती. फौजांचे व संस्थानिकांचे बँड, आगबोटींवरील वाद्यवृंद, मूकपटांच्या थेटरांतील वादक, मोठ्या हॉटेलांतील नृत्यशाळा, अशा सर्व ठिकाणी गोमंतकीय तरुण पसरले. मुंबईत आल्यावर तो प्रथम धोबीतलावाच्या आसपासच्या आपल्या गावच्या 'कुडी'त उतरे. एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, अल्प भाडे, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी, असे तेथील जीवन होते. ज्यास रात्री हॉटेलात वाजवावयाचे असे, तोही रोझरी म्हणून मगच पेटी उचली. सन १९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला आणि पडद्यापुढे बसून वाजविणाऱ्यांची गरज पाहता पाहता सरली. ट्रम्पेटवादकास आपले दार बदलण्याचा हा पहिला प्रसंग होता. शेवटचा मात्र नव्हे.

सन १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकन निग्रो वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला; त्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक व टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. त्यांच्या 'जाझ' नामक संगीतात कागदावर नसलेले स्वर आयत्या वेळी रचून वाजवावयाचे असतात. कागदावाचून पाऊल न टाकणाऱ्या आपल्या मुलांस ही नवीच शाळा होती. हळदोणे गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा याच शाळेत नावारूपास आला. त्याचा जन्म सन १९१६ चा. मुलाने यंत्रकाम शिकून प्रतिष्ठेची भाकर मिळवावी, अशी त्याच्या मातेची इच्छा होती असे सांगतात. पुत्राने ट्रम्पेट धरला. 'चिक चॉकलेट' या नावाने तो पुढे विख्यात झाला, आणि लोक त्यास भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. खुद्द आर्मस्ट्राँगनेही बालपणी न्यू ऑर्लिन्स येथील मुलांच्या सुधारगृहातच कॉर्नेटची शिस्त घेतली होती. गरीब मुलास कोणीतरी वाद्य आणि शिस्त दिली म्हणजे काय घडू शकते, याची ही दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

दुसरे उदाहरण कुडचडे येथील फ्रँक फर्नांड यांचे. सन १९१९ मध्ये जन्मलेल्या या वादकास सन १९४६ साली मसूरी येथे महात्मा गांधींचे दर्शन घडले. आपल्या पाश्चात्त्य वाद्यातून आपल्या भूमीचे संगीत कसे निघेल, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे ते चित्रपटसंगीतात शिरले; आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण केले. सन २००७ मध्ये ते निवर्तले. मडगावचे ख्रिस पेरी यांनीही (१९२८–२००२) ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्या जोरावर कोकणी गीताला नवे रूप दिले. पोटासाठी परका सूर वाजविणाऱ्यांनीच अखेर मातृभाषेस सूर दिला, हे विसरता कामा नये.

मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा सन १९४९ मध्ये झाला व १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. कायद्याच्या हेतूविषयी येथे वाद नाही. परंतु हॉटेलांतील नृत्यशाळा ओस पडू लागल्या आणि वादकांनी पुन्हा दार बदलले. या वेळी ते दार चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळेचे होते. संगीतदिग्दर्शकाने चाल गाऊन दाखवावी, ती सरगमाच्या मुखातून ऐकून गोमंतकीय वादकाने स्वरलिपीत उतरावी, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहावा, असा क्रम होता. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचे चिक यांच्या सहवासातून 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाचे संगीत जन्मले. चिक यांचा वाद्यवृंद त्यात पडद्यावरही दिसतो. त्याच साली 'नादान' या चित्रपटास चिक यांनी स्वतंत्र संगीत दिले. हे भाग्य मात्र विरळा. बहुसंख्य वादकांस दिवसाचे पैसे रोख मिळत आणि नाव कोठेच छापले जात नसे. ज्याच्या फुंकीने सारा देश नाचला, त्यास त्याच्या गल्लीतही कोणी ओळखीत नसे.

पुढे विद्युत्संचालित वाद्ये आली. एकाच पेटीतून ट्रम्पेटचा, व्हायोलिनचा आणि आणखी दहा वाद्यांचा आवाज काढता येऊ लागला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रणशाळांतील मोठे वाद्यवृंद विस्कळीत झाले. हे दारही मिटले. आणि या खेपेस समोर दुसरे मोठे दार नव्हते.

परंतु एक दार तोवर पुन्हा उघडले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, मार्च १९६७ मध्ये, धर्मसंगीताविषयी नवी सूचनापत्रिका प्रसिद्ध झाली. प्रत्येक लोकसमाजाची संस्कृती व परंपरा ध्यानी घेऊन, उपासनेस शोभतील अशी वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारावीत, असे तीत सांगितले. चिक चॉकलेट त्याच वर्षी मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, कालवश झाले.

या हकीकतीवरून काय बोध घ्यावा? कित्येक वडीलधारी मंडळी म्हणत आली की, मंदिरात शिकलेली विद्या हॉटेलात व सिनेमात विकणे हा एक प्रकारचा अधःपात होय. मला तसे वाटत नाही. ज्या विद्येस आपण वेतन देऊ शकलो नाही, तिने बाहेर भाकर मिळविली म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार आपणास कोठून आला? मनिऑर्डरीने गावी आलेल्या त्याच पैशातून भावंडे शिकली, घरावर कौले चढली, आणि सणाचा खर्चही भागला. दोष द्यावयाचाच तर आपल्या विस्मरणास द्यावा.

आपल्याही धर्मग्रामात लग्नाच्या वरातीपुढे आणि अखेरच्या यात्रेपुढे कोणी तरी बाजा फुंकीत चालले आहे. ज्युबिलीच्या वर्षी ज्याचे वतन त्यास परत द्यावे, अशी शास्त्राज्ञा आहे. तर या वादकांचे हिरावलेले नाव त्यांस परत द्यावे. वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्या हकीकती लिहून घ्याव्यात, माळ्यावर पडलेले स्वरलिपीचे कागद वाळवीपासून वाचवावेत, आणि दहा-बारा मुलांस स्वर वाचावयास शिकविणारा एक मेस्त धर्मग्रामाने योग्य वेतन देऊन ठेवावा. एका कमानीच्या रोषणाईहून हे काम अधिक काळ टिकेल.

संत पौल सांगतो की, शेवटचा कर्णा वाजेल आणि मृत उठविले जातील. त्या दिवशी तो कर्णा ओळखीचा वाटावा, म्हणून तरी आज त्याचा नाद आपल्या मुलांच्या कानी राहू द्या. संत सेसिलिया या कामी आपली मध्यस्थ होवो, ही प्रभुचरणी प्रार्थना.