दोन-तीन मिलिमीटरची धमनी



हा भाग लिहायला घेतला तेव्हा माझी समजूत होती, की यकृत प्रत्यारोपणात खरी भीती एकच: शरीर परका अवयव नाकारतं. वाचत गेलो आणि कळलं, लहान मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा सगळं येऊन अडतं ते दोन-तीन मिलिमीटरच्या एका धमनीवर.

डिसेंबर १९८८. ब्राझीलमध्ये साओ पावलोला सिल्व्हानो राया यांनी जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा एका मुलाला बसवला. मूल वाचलं नाही. जुलै १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवला. ते मूल जगलं.

आई जपानची, हे लक्षात ठेवा. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याचा कायदा जपानमध्ये आला थेट १९९७ साली. तोवर तिथल्या आईबापांपुढे वाट जवळपास एकच, स्वतःचं यकृत द्यायचं. १९९० पासून क्योटो विद्यापीठात कोइची तानाका यांच्या चमूने हे काम हाती घेतलं.

आता अडचण बघा. मृत दात्याच्या अख्ख्या यकृताबरोबर लांब, रुंद रक्तवाहिन्याही घेता येतात. जिवंत दात्याला मात्र उरलेल्या यकृतावर जगायचं असतं. म्हणून धमनीचा मिळतो तो आखूड, बारीक तुकडा. तो बाळाच्या नाजूक धमनीला शिवायचा. टाका जरा चुकला की गुठळीचा धोका. बरं, यकृताला पोर्टल शिरेतूनही रक्त मिळतं, मग एवढं काय बिघडलं? तर पित्तनलिका जगतात मुख्यतः धमनीच्या रक्तावर. ती बंद पडली की नलिका मरू लागतात आणि आईने दिलेलं यकृत वाया जाऊ शकतं. आईला ते दुसऱ्यांदा देता येत नाही.

रक्तवाहिन्या शिवण्याची विद्या जुनी. अॅलेक्सी कॅरेल यांना त्यासाठी १९१२ चं नोबेल मिळालं. १९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी मायक्रोस्कोपखाली बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या. क्योटोच्या डॉक्टरांनी तोच मायक्रोस्कोप यकृताच्या धमनीवर आणला आणि १९९२ मध्ये, नेहमीच्या पद्धतीपेक्षा तो कसा सरस ठरतो, हे छापून मांडलं.

धोका संपला असं नाही. म्हणून आजही ऑपरेशननंतर डॉपलर सोनोग्राफीने धमनीतला प्रवाह पुन्हापुन्हा तपासतात. गुठळी लवकर सापडली, तर यकृत वाचवायला वेळ मिळतो.

पहिल्या ऑपरेशनची नावं इतिहासात राहतात. ते टाके घालणाऱ्यांची आठवण आज आपण काढली, एवढंच. भेटू पुढच्या भागात!