विद्यार्थी मंडळांतील संघर्ष निवारण

विद्यार्थी मंडळांतील संघर्ष निवारण म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने चालविलेल्या मंडळात सभासदांमध्ये उद्भवणारे मतभेद, तक्रारी आणि दुरावा संवादाच्या व नियमांच्या साहाय्याने हाताळण्याची प्रक्रिया होय. वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, विज्ञान मंडळ, गिर्यारोहण गट, विद्यार्थी परिषद अशा सभासदत्वावर चालणाऱ्या सर्व गटांत तिची गरज भासते. मतभेद मुळातच नसावेत, असा तिचा हेतू नसतो. मतभेदापायी सभासद तुटू नयेत व हाती घेतलेले काम बंद पडू नये, हे तिचे उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या परिसरात १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. निबंधवाचन व त्यावरील चर्चा हे तिच्या सभांचे स्वरूप होते. तिच्याशी संलग्न अशा मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभाही निघाल्या. दादाभाई नौरोजी हे या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते होते. ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या पद्धतीने एकमेकांचे मत खोडून काढण्याची सवय महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना अशा मंडळांतून लागली.

सभासंचालनाच्या नियमांचा उगमही संघर्षातच सापडतो. अमेरिकी सैन्यातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्यावर १८६३ मध्ये एका सभेचे अध्यक्षपद अचानक आले आणि सभा हाताबाहेर गेली. त्यानंतर त्यांनी या विषयाचा अभ्यास केला व १८७६ मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली. एका वेळी एकच प्रस्ताव, बोलण्यापूर्वी अध्यक्षांची अनुमती आणि व्यक्तीऐवजी विषयावर टीका ही तिची तत्त्वे आजही जगभर पाळली जातात.

संघर्षाची कारणे

विद्यार्थी मंडळात वेतन नसते व वरिष्ठांची सक्तीही नसते. काम केवळ आपुलकीवर चालते. त्यामुळे कामाचे असमान वाटप हे कुरबुरीचे नेहमीचे कारण ठरते. एकांकिकेतील भूमिकांची निवड, स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा हिशेब, श्रेय कोणाला द्यावे, तालमीला वा सभेला वारंवार होणारी अनुपस्थिती, ज्येष्ठ-कनिष्ठ वर्गांतील अंतर ही अन्य कारणे होत. सहकारी बहुधा मित्र, वर्गबंधू वा वसतिगृहातील सोबतीही असतात. परिणामी सभेतील वाद खोलीपर्यंत पोहोचतो आणि खोलीतील रुसवा सभेत उमटतो. दरवर्षी पदाधिकारी बदलत असल्याने जुने निर्णय नव्यांना ठाऊक नसतात, ही आणखी एक अडचण होय.

सैद्धांतिक मांडणी

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले : जुळणी, खळबळ, नियमबद्धता व कार्यसिद्धी. पुढे १९७७ मध्ये त्यांत समारोपाच्या टप्प्याची भर पडली. या मांडणीनुसार खळबळ हे गट बिघडल्याचे लक्षण नसून त्याच्या वाढीचा भाग असते.

केनेथ थॉमस व राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये संघर्षाला सामोरे जाण्याचे पाच प्रकार मांडले : स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळाटाळ आणि नमते घेणे. यांपैकी कोणताही एक प्रकार सर्वकाळ योग्य नसतो. क्षुल्लक बाबतीत नमते घेणे शहाणपणाचे ठरते. हिशेबाच्या प्रश्नावर टाळाटाळ मात्र घातक ठरते. रॉजर फिशर व विल्यम युरी यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात भूमिका आणि त्यामागील गरज यांत भेद केला. ‘मलाच दिग्दर्शन हवे’ ही भूमिका झाली. आपले शब्द रंगमंचावर विद्रूप होऊ नयेत, ही त्यामागील लेखकाची गरज असू शकते. अशी गरज उघड झाल्यास दिग्दर्शक न बदलताही मार्ग निघतो.

अवघड संवादाची पद्धत

अवघड विषय शक्यतो समोरासमोर, खासगीत व दोघांच्या सोयीच्या वेळी काढावा, असे सामान्यतः मानले जाते. मोबाइलवरील समूहात केलेल्या टिप्पणीला प्रेक्षक लाभतात व माघार घेणे कठीण होते. संवादात पुढील क्रम उपयुक्त ठरतो :

१. घडलेली घटना नेमकेपणाने सांगणे. ‘तू बेजबाबदार आहेस’ याऐवजी ‘गेल्या चार तालमींपैकी तीन तालमींना तू नव्हतास’ असे म्हणणे.
२. तिचा कामावर व इतरांवर झालेला परिणाम सांगणे.
३. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकणे व आपल्याला काय समजले ते परत सांगून खात्री करून घेणे.
४. पुढे कोण काय व केव्हापर्यंत करील, हे ठरविणे.
५. ठरलेल्या दिवशी त्याचा आढावा घेणे.

दोघांत मार्ग न निघाल्यास उभयतांना मान्य असलेला तिसरा सभासद किंवा मार्गदर्शक प्राध्यापक मध्यस्थी करतो. निर्णय देण्यापेक्षा दोघांना बोलते ठेवणे हे मध्यस्थाचे काम असते.

मर्यादा व कायदेशीर तरतुदी

सर्वच प्रश्न मंडळाने आपापसांत मिटवावेत असे नसतात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यान्वये रॅगिंग हा दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे जाते. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारदार महिलेने स्वतः विनंती केली तरच समेट घडविता येतो आणि पैशांची देवघेव हा त्याचा आधार होऊ शकत नाही. जातिवाचक अपमान, मारहाण व निधीचा अपहार यांतही ‘मंडळाची बदनामी नको’ म्हणून तक्रारदारास गप्प बसविणे हे संघर्ष निवारण ठरत नाही.

विद्यार्थी निवडणुकांतील वादांसाठी लिंगडोह समितीने २००६ मध्ये स्वतंत्र तक्रार निवारण कक्षाची शिफारस केली. प्रत्येक उमेदवारास ५,००० रुपयांची खर्चमर्यादाही तिने सुचविली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला.

टीका

सामोपचारावरील भर प्रस्थापितांच्या पथ्यावर पडतो, असा आक्षेप घेतला जातो. कनिष्ठ वर्गातील, नवागत वा अल्पसंख्य सभासदाला ‘समजून घे’ असे सांगणे सोपे असते. ज्येष्ठाला जाब विचारणे अवघड असते. यावर उपाय म्हणून लिखित घटना, सभेचे इतिवृत्त, हिशेबाची खुली तपासणी आणि पदाधिकाऱ्याविरुद्धची तक्रार त्याच्याकडेच न जाण्याची व्यवस्था सुचविली जाते. वर्षअखेरीस मावळत्या पदाधिकाऱ्यांनी दप्तरासोबत अपुरे राहिलेले वादही नोंदवून सुपूर्द केल्यास नव्या सभासदांना तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडावे लागत नाही.