धीराच्या शब्दाची कुळकथा

परस्परांशी ममतेने बोलावे, खचलेल्यास उभारी द्यावी, या गोष्टीला ख्रिस्ती मंडळीत सौजन्याचे नव्हे तर उपासनेच्या अंगाचे स्थान आहे. आणि या आचाराचे मूळ शोधू लागल्यास ते मंडळीच्या स्थापनेच्याही मागे, यहुदी सभास्थानांपर्यंत जाऊन पोहोचते. शब्बाथदिवशी नियमशास्त्राचे व संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे वाचन आटोपले म्हणजे, कोणापाशी बोधाचे वचन असेल तर त्याने ते बोलावे, अशी विनंती तेथील अधिकारी करीत, आणि पिसिदियातील अंत्युखियात पौल बोलावयास उठला तो अशाच विनंतीवरून. सभेतील एखाद्या वक्त्याचा हा मान पौलाने इ. स. 50 च्या सुमारास थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिताना सर्वांवर, अगदी सामान्य सभासदांवरही, नित्याचे कर्तव्य म्हणून सोपविला.

परंतु या आचाराचा खरा कुलपुरुष पौल नव्हे. तो मान बर्णबाचा. कुप्र बेटावरील योसेफ नावाच्या या लेव्याला प्रेषितांनी बोधपुत्र या अर्थाचे ते नाव दिले, आणि त्याच्याविषयीची पहिलीच नोंद अशी की त्याने आपले शेत विकून ती रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवली. पुढे, कालपर्यंत मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पौल, शिष्य म्हणून यरुशलेमास आला आणि भयामुळे कोणीही त्याला जवळ करीना, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेणारा आणि त्याच्यातर्फे बोलणारा बर्णबाच होता. धीराचा शब्द जन्मतःच जामीनकीचा शब्द होता, असे मी म्हणतो ते याच प्रसंगावरून. कारण तो बोलताना बर्णबाने आपली स्वतःची पत गहाण ठेवली होती.

अशा शब्दाची निकड एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात किती तीव्र होती, हे नारायण शेषाद्री यांच्या घराण्याने पुरते अनुभवले. 1843 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले, पण त्याला ज्ञातीत परत घेण्यास सनातनी मंडळी राजी होईनात. त्या कोवळ्या मुलाच्या बाजूने, लोकांचा रोष पत्करून, बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते. तरीही बर्णबाचे कार्य त्या दिवशी त्यांनी केले, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाने कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनतर्फे शेषाद्री 1860 नंतरच्या दशकात जालन्यास येऊन राहिले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते व तेथे फौजेची छावणी होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशा मांग समाजातील माणसे ख्रिस्ती झाल्यावर त्यांना गावगाड्यातील आपले जुने हक्क आणि आसरा यांवर विसंबून राहता येईना. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या शेषाद्रींनी त्यांना आपले बंधू म्हटले, आणि त्या म्हणण्याला जमिनीचा आधार मिळवून दिला: निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवून त्यांनी एक गाव वसविले व त्याचे नाव बेथेल ठेवले. घर सोडून एकाकी निघालेल्या याकोबाला, धोंडा उशाशी घेऊन निजला असता, मी तुझ्याबरोबर आहे असे आश्वासन जेथे मिळाले, त्या जागेचे हे नाव. बहिष्कृतांच्या वस्तीला याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

आजच्या जालना जिल्ह्यातीलच जांब येथे 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि निरूपण, कीर्तन व मृदू वाणीचा महिमा येथील जनतेला शेकडो वर्षे परिचित होता. तेव्हा गोड बोलणे या भूमीला बाहेरून शिकावे लागले, असे म्हणणे असत्य होईल. तथापि ज्याच्याशी बोलणेच निषिद्ध होते त्याच्याशी बोलणे, आणि त्याच्याकडूनही बोध ऐकून घेणे, ही बेथेलने घातलेली भर मला फार मोलाची वाटते.

शेषाद्री 1873 साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस उपस्थित होते, आणि 1891 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मिशनच्या इतिहासात नमूद आहे. परंतु बेथेलच्या पहिल्या पिढीत कोणी कोणाला हात दिला, कोण कोणाला जामीन राहिले, हे घराघरांतील वृद्धांनाच ठाऊक असणार. जालना जिल्ह्यातील मंडळ्यांनी त्या आठवणी, सांगणारे हयात आहेत तोवर, नावानिशी लिहून घ्याव्यात.