कामगंधाचा सापळा

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद आपल्या शेजारीच झाली. 1842 च्या सुमारास भडोचच्या सरकारी कापूस मळ्यातून या किडीचे नमुने इंग्लंडला गेले आणि 1843 मध्ये सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे ओळख जुनी, पण उपाय काही सापडेना. कारण साधे आहे. मादी हिरव्या बोंडावर, पाकळीखाली एकेक-दोनदोन अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच बोंडात शिरते. वरचे छिद्रही बुजून जाते. मग बाहेरून फवारा कितीही मारा, आतल्या अळीला त्याचे काय!

तेव्हा अळी होण्याच्या आधीच, अंड्याच्या पातळीवर काही करता येईल का, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर रेशमाच्या किड्याने दिले. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून, वीस वर्षे खपून, नराला बोलावणारा गंध वेगळा केला. साल होते 1959. अशा गंधांना ‘फेरोमोन’ हे नावही त्याच वर्षी मिळाले. मराठीत आपण त्याला कामगंध म्हणतो, आणि हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो.

गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध 1973 मध्ये नेमका उलगडला. जवळजवळ सारख्या अशा दोन रसायनांचे ते निम्मे-निम्मे मिश्रण निघाले. त्याचे नाव पडले गॉसिप्लुअर. पतंग निशाचर असतो, अंधारात मादी शोधायची तर त्याला या गंधाचाच आधार. तोच गंध रबरी गोळीत भरून सापळ्यात टांगला की नर आत येऊन अडकतो.

परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. कामगंध सापळे लावण्याचा सल्ला विद्यापीठाकडून शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे मिळतो आहे. पण 2002 मध्ये बीटी कपाशी आली आणि बोंडअळी गेली म्हणून सापळेही अडगळीत गेले. 2010 मध्ये गुजरातेतून अळी बीटीला दाद देत नसल्याची बातमी आली. आपण ती फारशी मनावर घेतली नाही. 2017 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात डोमकळ्या दिसल्या, बोंडे किडली, वेचणीला आलेला कापूस हातचा गेला. तेव्हा सापळ्यांची आठवण झाली.

इथे एक गैरसमज आहे. हेक्टरी पाच सापळे लावले म्हणजे कीड संपली, असे नव्हे. ते सापळे म्हणजे थर्मामीटर, औषध नव्हे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली, एवढेच ते सांगतात. त्यासाठी पतंग मोजावे लागतात. गोळीही वेळच्या वेळी बदलावी लागते. आणि एक नर अनेक माद्यांशी संग करतो, त्यामुळे काही नर पकडले तरी उरलेले काम भागवतात.

कामगंधाचा दुसरा उपयोग अधिक खोलवर जातो. सगळ्या शिवारात हाच गंध पसरवून ठेवला, तर नराला खरी मादी कुठे आहे ते कळतच नाही. अमेरिकेत 1978 मध्ये या कामासाठी गॉसिप्लुअरला परवानगी मिळाली. गंमत अशी की मिलन पूर्ण टळले नाही, नुसते लांबले, तरी फरक पडतो. मादीचे आयुष्य थोड्या दिवसांचे. मिलनाला उशीर झाला की अंडी कमी पडतात आणि पडलेल्यांपैकी उबतातही कमी. मिलन झालेच नाही, तर अंडी वांझ. म्हणजे मादीला हातही न लावता अंड्याचा कस घसरतो. अमेरिकेने हा उपाय, बीटी कपाशी आणि वंध्य केलेले पतंग यांची जोड लावून 2018 मध्ये ही कीड आपल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

आपल्याकडेही आता गंध भरलेल्या दोऱ्या कपाशीच्या झाडाला बांधण्याची पद्धत आली आहे. अडचण आहे ती आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीची. एकट्याने दोन एकरांत दोऱ्या बांधल्या आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर त्याच्या रानात मिलन उरकलेली मादी बांध ओलांडून येते. तिला नर शोधायचा नसतो, फक्त अंडी घालायला हिरवे बोंड हवे असते.