टोसिस

टोसिस किंवा वर्त्मपात म्हणजे डोळ्याची वरची पापणी तिच्या स्वाभाविक जागेपेक्षा खाली उतरलेली असणे. हे एका किंवा दोन्ही डोळ्यांत आढळते. टोसिस हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. त्यामागे जन्मजात स्नायुदोष, वार्धक्य, चेताविकार किंवा सर्पदंश अशी अगदी भिन्न कारणे असू शकतात.

व्युत्पत्ती

हा शब्द ‘पडणे’ या अर्थाच्या ‘पिप्टेइन’ या ग्रीक क्रियापदापासून बनलेल्या ‘प्टोसिस’ या नामावरून आला. इंग्रजीत आरंभीच्या ‘प’चा उच्चार होत नाही, म्हणून मराठीतही ‘टोसिस’ असेच लिहिले जाते. ग्रीक क्रियापद आणि संस्कृतातील ‘पत्’ हा धातू एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत. त्यामुळे ‘वर्त्मपात’मधील ‘पात’ हे ग्रीक शब्दाचे केवळ भाषांतर नसून त्याचे दूरचे भावंडही आहे. मराठी ‘पडणे’ प्राकृताच्या वाटेने याच ‘पत्’पासून आले आहे.

ग्रीकांनी हा शब्द व्याकरणातही वापरला. ॲरिस्टॉटलच्या लेखनात तो शब्दाच्या विकारी रूपांसाठी येतो. पुढे तो नामाच्या विभक्तीसाठी रूढ झाला आणि लॅटिनमध्ये त्याचे ‘पडणे’ याच अर्थाचे ‘कासुस’ असे रूपांतर झाले. भारतीय व्याकरणातील ‘विभक्ती’ मात्र ‘विभागणी’च्या कल्पनेवर उभी आहे. ‘सिम्प्टम’ म्हणजे लक्षण हा शब्दही ‘पिप्टेइन’च्याच कुळातला आहे. वैद्यकात मूत्रपिंडासारखे अवयव खाली सरकण्यालाही ‘टोसिस’ जोडून नावे दिली जातात. म्हणून पापणीपुरता अर्थ नेमका करण्यासाठी ‘ब्लेफॅरॉन’ म्हणजे पापणी हा शब्द जोडून ‘ब्लेफॅरोटोसिस’ असे म्हणतात.

संस्कृतात ‘वर्त्म’ म्हणजे वाट. आयुर्वेदात मात्र तो पापणीचा पारिभाषिक शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पापणीच्या रोगांत ‘वातहतवर्त्म’ हा विकार येतो. काही अभ्यासक तो टोसिस मानतात, तर काही पापणी न मिटण्याचा विकार मानतात. वर्णनात पापणी निश्चेष्ट होण्यावर भर असल्याने दोन्ही अर्थांना वाव राहतो.

स्वरूप व कारणे

पापणी उचलण्याचे मुख्य काम एका स्नायूकडे असते व त्याला मेंदूतून निघणारी तिसरी चेता चालना देते. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर सामान्यतः ४ ते ५ मिमी असते. ते कमी झाले की टोसिस मोजता येतो. प्रौढांत या स्नायूची कंडरा वयोमानाने सैल होणे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये पापणी सकाळी जवळजवळ ठीक असते व संध्याकाळी ढळते. हॉर्नर लक्षणसमूहात टोसिस सौम्य असून त्या बाजूची बाहुली लहान होते. पापणी अचानक पडून बाहुली विस्फारली, तर मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्याचा दाब तिसऱ्या चेतेवर पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीने तपासणी आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात या लक्षणाला आणखी एक महत्त्व आहे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना, सूज फारशी नसते व खुणाही सापडत नाहीत. विष चेता व स्नायू यांच्या सांध्यावर परिणाम करते आणि दोन्ही पापण्या जड होणे हे बहुधा पहिले दिसणारे चिन्ह असते. रुग्णाला झोप येत आहे असे समजून वेळ दवडल्यास लुळेपणा श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. नागदंशातही टोसिस दिसतो, पण तेथे दंशस्थानी सूज व वेदना असतात.

उपचार

उपचार मूळ कारणावर अवलंबून असतात. कंडरा सैल झाली असल्यास शस्त्रक्रियेने ती घट्ट करतात. जन्मजात टोसिसमध्ये पापणी बाहुली झाकत असल्यास थांबणे धोक्याचे ठरते, कारण त्या डोळ्याची दृष्टी बालपणीच नीट विकसित न होता मंद राहू शकते. स्नायू फारच दुर्बल असल्यास पापणी कपाळाच्या स्नायूला जोडून टांगतात.