आसाची साक्ष : ध्वनिमुद्रिका फिरवणाऱ्या यंत्रांच्या बेअरिंगचा इतिहास आणि निगा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी यंत्राच्या बेअरिंगचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माझा खरा विषय यंत्र नसून साधनशुद्धी हा आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथात शिरलेले अपपाठ दूर करणे हाच त्यामागचा हेतू होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा दंडक महाराष्ट्रापुढे ठेवला. विसाव्या शतकाने आपल्या हाती आणखी एक साधन दिले, ते म्हणजे ध्वनिमुद्रिका. कागद आपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. ध्वनिमुद्रिका मात्र यंत्राने वाचून दाखवावी लागते. तो वाचक अडखळत असेल, घोगरा असेल, तर दोष मूळ संहितेचा की वाचणाऱ्याचा, हे कसे ठरवावे?

ज्या ताटावर मुद्रिका ठेवतात, त्याच्या मध्याखाली पोलादी आस असतो. हा आस ज्या नळीत फिरतो आणि तळाशी ज्या बिंदूवर टेकतो, त्या जोडणीस बेअरिंग म्हणतात. आपल्या परिभाषेत तोच ‘धारवा’. आसाभोवतीची नळी, म्हणजे बुश, त्याला बाजूला झुकू देत नाही. तळाची गोळी किंवा टेकू ताटाचा सारा भार पेलतो. जात्याचा खुंटा सैल झाला की पाळू डगमगते आणि पीठ जाडेभरडे पडते, हे आपल्या आयाआजींना ठाऊक होते. येथेही न्याय तोच आहे. फरक एवढाच, की येथे दळला जातो तो स्वर.

या जोडणीचा इतिहास थोडक्यात पाहू. एमिल बर्लिनर याने १८८७ साली ग्रामोफोनचे एकस्व मिळवले. त्याची आरंभीची यंत्रे हाताने फिरवावी लागत, त्यामुळे हाताच्या चालीप्रमाणे स्वर वरखाली होई. १८९६ च्या सुमारास कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सनने त्यासाठी स्प्रिंगवर चालणारी चांगली मोटर तयार केली. तिच्या वेगाचे नियमन करणाऱ्या गव्हर्नरवर पट्टीस्प्रिंगांना जोडलेली वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक चकती सरकून चामड्याच्या गादीला घासते आणि वेग आवरला जातो. या गव्हर्नरच्या दोन्ही टोकांची बेअरिंगे कोरडी पडली, की गाणे थरथरू लागते. फ्रेड गायस्बर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या देशातील गायनाचा मुद्रित इतिहास अशाच यंत्रांवर ऐकला गेला.

पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. लंडनच्या गॅरार्ड या जवाहिऱ्यांच्या पेढीने १९१५ साली तोफखान्यासाठी अंतरमापक उपकरणे करण्याकरिता एक कंपनी काढली. युद्ध संपताच ती स्विंडनला गेली आणि ग्रामोफोनच्या मोटरी करू लागली. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन मुद्रिका आणली. तिच्या बारीक खाचेने यंत्राकडून पूर्वी कधी नव्हती एवढी शांतता मागितली. या मागणीस उत्तर म्हणून १९५४ च्या सुमारास गॅरार्डचे ‘३०१’ आणि १९५७ साली स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचे ‘टीडी १२४’ ही यंत्रे आली. दोहोंत जड ताट होते, त्याखाली भक्कम आस होता. १९७० साली जपानच्या टेक्निक्सने मोटर आणि ताट एकाच आसावर आणून रबरी चाक व पट्टा दोन्ही काढून टाकले. बेअरिंग मात्र तिलाही काढता आले नाही.

ही शांतता इतकी मोलाची का? दीर्घवादन मुद्रिका कापताना मंद्र बाजूचे ध्वनी मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना ते परत वाढवावे लागतात. एक हजार कंपनांच्या स्वराशी तुलना केली, तर वीस कंपनांजवळचा ध्वनी सुमारे नऊपट वाढतो. साध्या चार ध्रुवांच्या विद्युत्-मोटरीचा आस आपल्याकडील विजेवर सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा फिरतो. तो थरथराट, आणि झिजलेल्या बेअरिंगची घरघर, नेमकी याच प्रदेशात पडते. आता आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची दीर्घवादन मुद्रिका आठवा. झूमऱ्याची ती अतिविलंबित लय, मंद्रातील संथ बढत आणि दोन स्वरवाक्यांमधले मौन! ते मौन हा त्या गायकीचा अर्थपूर्ण भाग आहे. यंत्र घरघरत असेल, तर सर्वांत आधी तेच झाकोळते. आणि ज्या श्रोत्याने खाँसाहेबांना समक्ष ऐकले नाही, त्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

मग वंगणाचे काम नेमके काय? इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बोशाम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगला पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्याने बूच मारले. फिरत्या आसाने ते बाहेर फेकले. तेलात दाब निर्माण होतो आणि त्या पटलावर भार तरंगतो, हे त्यावरून उमगले. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने त्याची गणिती उपपत्ती मांडली. मात्र आपल्या यंत्राचा आस अतिशय मंद फिरतो. दहा मिलिमीटर जाडीचा आस धरला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम सतरा मिलिमीटर सरकतो. एवढ्या मंद गतीत तेलाचे पटल पुरते उभे राहील याची खात्री नसते. म्हणून धातूची झिलई, अचूक घडण आणि तेलाची स्वच्छता यांवरच सारी भिस्त असते.

आता परीक्षेकडे वळू. प्रथम वीज तोडावी, पट्टा अथवा रबरी चाक ताटापासून दूर करावे आणि ताट हाताने फिरवावे. ते सावकाश मंदावत थांबले तर ठीक. मध्येच अडून थांबले, तर तेल घट्ट झाले आहे किंवा आसाला दुखापत आहे. ताटाच्या समोरासमोरच्या कडा धरून हलकेच डोलवून पाहावे. तेलापुरती फट हवीच, परंतु खटका जाणवला तर बुश झिजले आहे असे समजावे. मग आस वर काढावा आणि पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. कापडावरच्या काळ्या तेलात धातूची चमक दिसली, तर झीज चालू आहे. आसावरची गुळगुळीत लकाकी निरुपद्रवी असते. नखाला लागणारा ओरखडा तसा नसतो. तळाची गोळी तेलात चिकटून राहते व हमखास हरवते. ती जपून काढावी आणि चपटी झाली आहे का, हे भिंगातून पाहावे. ताट न काढता यंत्र गाडीतून नेले असेल, तर धक्क्यांनी टेकूला खळगा पडलेला आढळतो.

निगा राखताना संयम हवा. आसाला काचकागद कधीही लावू नये. सच्छिद्र कांस्याचे बुश स्वतःच्या अंगात तेल साठवते. ते रॉकेलमध्ये भिजत टाकले, तर तो साठाच धुऊन जातो. गोळी बदलायची तर त्याच व्यासाची घ्यावी, अन्यथा ताटाची उंची बदलते. निर्मात्याने ग्रीस सांगितले असेल तेथे ग्रीस, तेल सांगितले असेल तेथे तेलच घालावे. गॅरार्ड ३०१ चे आधीचे नमुने ग्रीसचे आणि नंतरचे तेलाचे आहेत, त्यांची गल्लत करू नये. घरातले खोबरेल तर मुळीच नको. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते, आणि माळव्यातील हिवाळ्याची रात्र त्याहून कितीतरी थंड असते. मोजके तेल घालून आस आपल्या भाराने सावकाश उतरू द्यावा, कारण खालची हवा बाहेर पडायला वेळ लागतो. वर आलेले तेल पुसून घ्यावे; ते रबराला लागले, तर वेग घसरतो.

शेवटी वेग तपासावा. आपल्याकडील विजेचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. त्या प्रकाशात १८० रेघांची चकती ३३⅓ च्या वेगाला आणि ७७ रेघांची चकती ७८ च्या वेगाला स्थिर भासते. तथापि जुन्या सर्वच मुद्रिका ७८ वर मुद्रित झालेल्या नाहीत. चौऱ्याहत्तरवर मुद्रित झालेले गाणे अठ्ठ्याहत्तरवर वाजवले, तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. पांढरी दोनमध्ये गाणारा कलावंत काळी दोनचा ठरतो आणि त्यावरून त्याच्या आवाजाविषयी, तानेच्या गतीविषयी आपण खुशाल विधाने करतो. अशा मुद्रिकेचा खरा वेग शोधणे हे संशोधकाचे काम. पण ज्याचे बेअरिंगच स्थिर नाही, त्या यंत्रावर तो शोध आरंभताही येत नाही.

आज हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. घरोघरच्या मुद्रिकांच्या संगणकीय प्रती होत आहेत, आणि प्रत झाल्यावर मूळ मुद्रिका बहुधा अडगळीत किंवा भंगारात जाते. आजारी यंत्रावरून केलेल्या प्रतीत त्या यंत्राची घरघर आणि हेलकावा कायमचा कोरला जातो. पुढची पिढी तोच मूळ पाठ मानील. एकनाथांना निदान जुन्या प्रती ताडून पाहता आल्या. आपल्या नातवंडांजवळ ताडून पाहायला काही उरेल, असे नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. ज्यांच्या घरी जुनी यंत्रे व मुद्रिका आहेत, त्यांनी प्रती करण्याची घाई करू नये. आधी ताट उचलून आस पाहावा, तो स्वच्छ करावा, योग्य वंगण द्यावे, वेग ताडावा. मगच प्रत करावी, आणि कोणत्या यंत्रावर, कोणत्या वेगाने केली, याची नोंद प्रतीसोबत ठेवावी. मूळ मुद्रिका तर टाकूच नये. पाठशुद्धीची जी शिस्त आपल्या पूर्वजांनी पोथीला लावली, तीच आपण स्वराला लावली पाहिजे. ते काम या न दिसणाऱ्या आसापासून सुरू होते.