उघड्यावरचे गाणे आणि आपली कुटुंबे

थंडी ओसरू लागली की नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या सुलाच्या द्राक्षमळ्यात संगीताचा उत्सव भरतो. २००८ साली तो सुरू झाला. २०२० नंतर काही वर्षे खंड पडून २०२५ मध्ये पुन्हा भरला. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही तेथे जाऊन येतात. "फादर, मुलांना घेऊन तेथे जावे का?" असा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे उचित ठरेल.

तिकीट काढून, मुलाबाळांसह आकाशाखाली बसून गाणे ऐकणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नव्हे. कीर्तन-भजनाला गावातील आबालवृद्ध जमत. रागदारी संगीत मात्र बहुतांशी दरबारात आणि धनिकांच्या बैठकीत बंदिस्त होते. गायकाला राजाश्रय होता, प्रतिष्ठा बेताचीच. 'गाणेबजावणे' हा शब्द प्रतिष्ठित घरांत नापसंतीनेच उच्चारला जाई.

ही कोंडी फोडणाऱ्यांत पं. विष्णू दिगंबर पलुस्कर अग्रभागी होते. १८७२ साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी शोभेच्या दारूने दृष्टी अधू झाली आणि शिक्षणाची वाट खुंटली. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गायन शिकले. १८९६ साली मिरजेचा आश्रय सोडून ते बाहेर पडले. सौराष्ट्रात अल्प दर ठेवून त्यांनी जाहीर मैफल केली. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि लोकांच्या देणग्यांवर चालविले. राजाच्या जागी समाज आश्रयदाता झाला. शृंगारिक शब्दांऐवजी भक्तिपर पदे आली आणि सुशिक्षित घरांना संगीताचे दार उघडले.

या कार्याची किंमत त्यांनी मोजली. मुंबईच्या विद्यालयासाठी काढलेल्या कर्जापायी १९२४ मध्ये त्यांची मालमत्ता लिलावात गेली. आयुष्याच्या उत्तरकाळात आपल्या नाशिकच्या पंचवटीतील रामनाम आधार आश्रम हेच त्यांचे आश्रयस्थान होते. त्यांचे गायक पुत्र दत्तात्रेय यांचा जन्मही १९२१ साली नाशिकचाच. १९३१ मध्ये मिरज येथे विष्णुबुवांचे निधन झाले.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे. कुटुंबांसाठी दार उघडत असताना, ज्या कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपली होती, त्यांच्यासाठी ते हळूहळू मिटत गेले. सभ्यतेच्या नावाखाली त्यांचे ऋण विसरले गेले. परूश्याच्या घरी, सर्वांनी तुच्छ लेखलेल्या स्त्रीची सेवा स्वीकारणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी. आपल्याला हे विसरून चालणार नाही.

आपल्या ख्रिस्तमंडळीतही असेच एक दार उघडले गेले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. आज पेटी-तबल्याच्या साथीने मिस्सात मराठी गीते गाताना आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण आपल्या आजोबांच्या कानांवर मिस्सात लॅटिनच पडत असे.

तेव्हा प्रश्नाचे माझे उत्तर असे : अवश्य जा. आईवडील व मुले एकत्र बसून गाणे ऐकतात, हे एका शतकाच्या खटपटीने मिळालेले धन आहे. द्राक्षारसाचीही भीती नको, मर्यादा हवी. कानाच्या लग्नात प्रभूने तो दिला तो यजमानाची लाज राखण्यासाठी, पाहुण्यांची शुद्ध हरपावी म्हणून नव्हे. मात्र फाटकातून आत शिरताना, तिकिटाच्या दरामुळे बाहेर कोण राहिले, याचाही विचार मनात येऊ द्या.

आणि त्याच फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. तेथे दूरदूरची कुटुंबे शिदोरी घेऊन येतात, उघड्यावर बसतात, गीते गातात. तिकीट नसते. तेथेही मुलांना न्या; केवळ ऐकण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी.